पळीभर पाणी

एकदा एक घर होते; त्या घरात कशाची वाण नव्हती, फक्त मूल नव्हते.

नदीकाठच्या गावात हळदीचा मोठा व्यापार करणारे एक शेठजी आणि त्यांची पत्नी नलिनी असे दोघेच त्या घरात राहत. शेठजी हाताने सढळ आणि मनाने त्याहून सढळ. दाराशी आलेला विन्मुख जाऊ नये, ही त्यांची रीत. नलिनी विवाहापूर्वी नदीपलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे शिकली होती. संस्कृत शिकायला म्हणून गेली. पुढे तिथे ती जे शिकली त्याला कुठल्या विषयाचे नाव देता आले नसते. संसारात पडल्यावरही मन कुठे अडले की ती नावेत बसून पैलतीरी जाई, गुरुजींच्या अंगणात घटकाभर बसे आणि हलकी होऊन परत येई.

नलिनीला एकच बहीण होती. सुमती तिचे नाव. ती दूर, खाडीकाठच्या एका लहानशा बंदरात राहत असे. तिचा नवरा घड्याळे दुरुस्त करी. खाली दुकान आणि वर एक खोली, एवढाच त्यांचा पसारा. त्या खोलीत सुमती, तिचा नवरा आणि त्यांची सात वर्षांची मुलगी चारू अशी तिघे सुखाने राहत होती.

एका श्रावणात घाटरस्त्यावर दरड कोसळली. तिच्याखाली जी माणसे गेली, त्यांत सुमती आणि तिचा नवरा होते. अंगात ताप होता म्हणून चारूला त्या दिवशी शेजारणीकडे ठेवले होते. ती तेवढी राहिली.

बातमी आली तेव्हा नलिनी रडली नाही. तिने पदर खोचला आणि निघायची तयारी केली. आपण रडत बसलो तर त्या लेकराकडे कोण पाहील, असा तिने विचार केला, आणि डोळ्यांत आलेले पाणी तिथेच परतवले. ते पुढे कितीतरी दिवस बाहेर आले नाही.

बहिणीच्या खोलीत ती पोहोचली तेव्हा दोरीवर सुमतीचे पातळ अजून वाळत होते. नलिनीने ते घडी केले. मग एकेक करून घरातले सारे आवरले. भांडी शेजाऱ्यांना दिली, गोधड्या दिल्या, लुगडी-पातळे दिली; घड्याळजीची हत्यारे त्याच्या मित्राने नेली. डोळ्यांसमोर जुने काही राहिले की जखम ओली राहते, असे तिथली चार जाणती माणसे म्हणाली, आणि नलिनीलाही ते पटले. चारू खिडकीपाशी उभी राहून सारे पाहत होती. तिने कशालाही अडवले नाही. खिडकीच्या फळीवर एक काचेची पेटी होती, तिच्यात चार सोनेरी मासे होते. नलिनीने त्या पेटीकडे पाहिले तेव्हा मात्र चारू तिच्या आड येऊन उभी राहिली.

"हे मी नेणार," ती म्हणाली.

मासे झाकणाच्या बादलीत घातले, पेटी चादरीत गुंडाळली, आणि मावशी-भाची घाट चढून देशावर आल्या. ती बादली चारूने वाटभर मांडीवरून खाली ठेवली नाही.

शेठजींनी मुलीसाठी वरच्या मजल्यावरची सर्वांत उजेडाची खोली रंगवून घेतली होती. नवा पलंग, नवे कपडे, कपाटभर खेळणी. मोठ्या शाळेत नाव घातले होते. त्यांनी घरातल्या सर्वांना बोलावून सांगितले, "पोरीसमोर तिच्या आईबापाचा विषय कुणी काढायचा नाही. विसरू दे तिला. नवं घर, नवी माणसं, रुळेल आपोआप."

यात कपट नव्हते, प्रेमच होते. चारूने एकदा जेवताना सुरुवात केली, "आमच्या घरी ना, बाबा..." तोच स्वयंपाकीणबाईंनी तिच्या ताटात लाडू वाढला. आणखी एकदा नलिनी तिची वेणी घालत असता तिने विचारले, "मावशी, आई लहानपणी तुझ्याशी भांडायची का गं?" नलिनीचा हात थबकला. तिने घाईने वेणी बांधून टाकली. ती म्हणाली, "चल, आपण बागेत झोका बघू." चारू झोक्यावर बसली. मावशीने झोका दिला, तिने घेतला. त्यानंतर तिने आईविषयी काही विचारले नाही.

हळूहळू ती काहीच विचारीनाशी झाली. बोलावले की येई, वाढले तेवढे खाई, कुणी पाहत नसले तर तेवढेही टाकी. पलंग सोडून माशांच्या पेटीजवळ जमिनीवर झोपे. अंगावरचे कपडे सैल होऊ लागले. वैद्य झाले, डॉक्टर झाले. सर्वांनी तपासले आणि काही आजार नाही असे सांगितले. शेठजी चिंतेत पडले. या मुलीला आणखी काय द्यावे, हेच त्यांना उमगेना.

एके दिवशी त्यांना वाटले, ही सारखी त्या माशांपाशी असते. तर त्या माशांनाच मोठे घर करून द्यावे. ती पेटी म्हणजे केवढीशी! कडा हिरवटलेल्या, तळाला गाळ, कोपऱ्यात काळपट पडलेला स्पंजाचा तुकडा. त्यांनी शहरातून कारागीर बोलावले आणि दिवाणखान्याच्या एका भिंतीला जवळजवळ भरून टाकील असा काचेचा हौद करवला. तळाशी रंगीत खडे, वर दिवे, हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्र. दसऱ्याच्या सकाळी तो नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला. पाणी इतके स्वच्छ, की हौदात ते आहे हेच चटकन कळू नये.

माळी जुनी पेटी घेऊन आला. चारू त्याच्यामागून धावत आली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज घरात ऐकू आला.

"काका, असं नाही! बाबा असं नव्हते करत!"

"अगं, बघ तरी किती मोठं घर मिळालंय त्यांना!" शेठजी कौतुकाने म्हणाले. "त्या डबक्यात कुठं ठेवतेस?"

नलिनी तिथेच होती. मुलीच्या तोंडून 'बाबा' हा शब्द निघाला, आणि तिला वाटले, आता ही रडेल. सणाच्या दिवशी रडेल. तिने चारूला जवळ ओढले आणि म्हणाली, "काका तुझ्यासाठीच करताहेत ना सगळं?"

चारू गप्प झाली. जाळीने उचलून मासे हौदात टाकले. ते वीज चमकावी तसे इकडून तिकडे सुळकन गेले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मासे आनंदाने धावत आहेत, असे सर्वांना वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. चौथा वरच्या कोपऱ्यात तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकीत होता.

चारू आधीच तिथे येऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. नलिनीने मागे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा चारूने मान वर करून अगदी साध्या, समजूतदार आवाजात विचारले,

"मावशी, आता यांचाही विषय काढायचा नाही का?"

नलिनीचा हात तिच्या खांद्यावरून गळून पडला. ती तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी, नदीच्या घाटावर गेली आणि नावेत बसली.

गुरुजी अंगणात तुळशीला पाणी घालीत होते. नलिनीने पायरीवर बसून सारे सांगितले. दरड, खोली, गोधड्या, झोका, हौद, मासे, आणि शेवटी तो प्रश्न. सांगताना तिचा स्वर कोरडा होता. दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसा. सारे ऐकून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "एक मासा जिवंत आहे म्हणालीस?"

"निघाले तेव्हा होता."

"मग चल," असे म्हणून त्यांनी कोनाड्यातल्या पूजेच्या ताम्हनातली पळी उचलली, उपरण्याच्या टोकात बांधली, आणि तिच्या आधी नावेकडे चालू लागले.

शेठजी दारातच भेटले. गुरुजी मुलीची समजूत घालतील, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतील, अशी त्यांची अपेक्षा होती. पण गुरुजींनी त्या भव्य हौदाकडे एकदा पाहिले आणि विचारले, "ती जुनी पेटी कुठे आहे?"

"ती? ती मागं टाकली, गुरुजी. घाण झाली होती."

पेटी मागच्या ओट्यावर, कचऱ्याच्या टोपलीशेजारी होती. दसऱ्याच्या गडबडीत माळ्याने ती रिकामी केली नव्हती. अर्धे पाणी तिच्यात अजून होते. गाळ होता, स्पंजाचा तुकडाही होता. गुरुजींनी ती जपून दिवाणखान्यात आणवली. मग ते हौदापुढे जमिनीवर बसले आणि चारूला म्हणाले, "बाळ, मला मासे ठेवायचे ठाऊक नाही. तुझे बाबा कसं करायचे?"

जो शब्द त्या घरात उच्चारायचा नव्हता, तो या म्हाताऱ्याने भर दुपारी, सर्वांसमोर उच्चारला होता. नलिनीने डोळे मिटून घेतले.

चारूने आधी मावशीकडे पाहिले, मग काकांकडे. कुणी लाडू आणला नाही, कुणी झोक्याकडे नेले नाही. ती हळूहळू बोलू लागली.

"बाबा नवीन पाणी आधी पिंपात ठेवायचे. उघडं. नळाच्या पाण्यात औषध असतं ना, ते उडून जायला हवं. मग माशाला त्याच्याच पाण्यात वाडग्यात घ्यायचं. आणि नवीन पाणी थोडं थोडं घालायचं. एकदम नाही. आणि स्पंज धुवायचा नाही. त्याच्यात बारीक बारीक जीव असतात, दिसत नाहीत, ते पाणी चांगलं ठेवतात. आईनं एकदा स्पंज धुतला होता, तर बाबा..."

ती थांबली.

"तर बाबा काय?" गुरुजींनी विचारले.

"बाबा रागावले. मग आई म्हणाली, तुमच्या माशांपेक्षा माझी भांडी बरी, घासली की मरत नाहीत." चारूच्या ओठांशी काहीतरी हलले. ते हसू होते की दुसरे काही, हे नलिनीला ओळखता आले नाही. पण ते वाक्य मात्र तिने ओळखले. ते वाक्य सुमतीचेच होते, दुसऱ्या कुणाचे असूच शकत नव्हते. अंगणात सुमती उभी राहून बोलली असती तरी ते याहून स्पष्ट ऐकू आले नसते.

गुरुजींनी चौथ्या माशाला हौदातल्या थोड्या पाण्यासह एका वाडग्यात अलगद घेतले. मग उपरण्याची गाठ सोडली, पळी काढली, जुन्या पेटीतले पळीभर पाणी वाडग्यात घातले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बराच वेळ गेल्यावर आणखी एक पळी. पुन्हा स्वस्थ. वाडगे भरत आले की त्यातले थोडे काढून टाकायचे आणि पुन्हा पळी.

दुपार कलली. शेठजी एकदा पेढीवर जाऊन परत आले तरी गुरुजी तसेच. त्यांना राहवेना.

"गुरुजी, क्षमा करा, पण हे मला उमजत नाही," ते म्हणाले. "जुनंच पाणी ना ते, त्याच्या ओळखीचं? मग सोडा की त्याला एकदम त्या पेटीत. आणि त्या घाण पाण्यात परत न्यायचंच कशाला? मी या जिवांना कमी काय दिलं होतं?"

गुरुजींनी पळी खाली ठेवली. ते शेठजींशी बोलले, पण मान नलिनीकडे वळली होती.

"कमी काहीच दिले नाही, शेठजी. तुम्ही सारे दिलेत, आणि एका क्षणात दिलेत. मासा पाण्यात राहतो असे आपण म्हणतो. पण पाणी त्याच्या आतही असते. कल्ल्यांतून आत येते, बाहेर जाते, त्याच्या रक्ताशी त्याचा मेळ बसलेला असतो. ते पाणी एका क्षणी बदलले तर त्याला ते मोठे घर वाटत नाही. जग नाहीसे झाले असे वाटते. काल या माशाचे एक जग गेले. आज घाईने मी त्याला मागे नेले, तर तोही एक धक्काच. ज्याने एकदा सारे एकदम गमावले आहे, त्याच्याकडे सुखानेसुद्धा पळीपळीनेच यावे. आणि तुम्ही ज्याला घाण म्हणता, शेठजी, त्या गाळातच ते सूक्ष्म जीव आहेत, जे नवे पाणी राहण्याजोगे करतात. जुने थोडे सोबत नेल्याखेरीज नवे पाणी जिवाला मानवत नाही."

शेठजींनी हौदाकडे पाहिले, मग वर, मुलीच्या रंगवलेल्या खोलीच्या दाराकडे पाहिले, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

गुरुजी नलिनीला हलक्या स्वरात म्हणाले, "तू सुमतीसाठी रडलीस का?"

"मुलीसमोर कशी रडू, गुरुजी? तिनं धीर सोडला तर?"

"ती सात वर्षांची पोर तुझ्याकडे बघून शिकते आहे, नलिनी. या घरात रडायचे नसते, एवढेच ती आजवर शिकली आहे."

दिवेलागण झाली तेव्हा मासा जुन्या पेटीत होता. गुरुजी उठले, आणि पाय आखडले म्हणून भिंतीला धरून थोडा वेळ उभे राहिले. जाताना त्यांनी पळी चारूच्या हातात दिली.

पुढचे काही दिवस घरात वेगळेच चालले होते. पाणी पिंपात उघडे राहू लागले. हौदात जुन्या पेटीतला गाळ गेला, न धुतलेला स्पंज गेला. त्या स्फटिकासारख्या पाण्यावर किंचित तांबूस झाक आली आणि शेठजींनी ती आनंदाने येऊ दिली. दिवे त्यांनी स्वतःच बंद केले. चारू शाळेतून आली की माशाला जुन्या पाण्यासह वाडग्यात घेऊन बसे. नलिनी तिच्याजवळ बसे. हौदातल्या पाण्याची एक पळी टाकायची आणि थांबायचे. त्या थांबण्यात बोलण्याखेरीज दुसरे काय करणार? चारू बाबांविषयी सांगे. नलिनी ऐके. मग एकदा धीर करून नलिनीने सांगितले की सुमती लहानपणी फार भांडखोर होती. एकदा तिने रागाने ताईची, म्हणजे नलिनीचीच, पाटी विहिरीत टाकली आणि मग स्वतःच घाबरून परसात लपून बसली होती.

"मग तू मारलंस तिला?"

"नाही गं. मी तिला शोधत राहिले. संध्याकाळपर्यंत सापडेना, तेव्हा मीच रडायला लागले. माझं रडणं ऐकून ती बाहेर आली."

हे सांगताना नलिनीचा आवाज थोडा कापला. तिने तो लपवला नाही.

पाणी एकजीव झाले असे वाटले, तेव्हा एका सकाळी चारूने आपल्या हाताने वाडगे हौदात तिरपे धरले. मासा घाबरला नाही. सावकाश बाहेर आला, एका खड्यामागे जाऊन थांबला, थोड्या वेळाने पुढे आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठजी दाराआडून पाहत होते आणि श्वाससुद्धा जपून घेत होते.

मासा काही दिवस जगला. पण त्या पहिल्या दिवशी त्याच्या कल्ल्यांना जी इजा झाली होती, ती भरून निघणारी नव्हती. तो खाईनासा झाला, तळाशी बसून राहू लागला, आणि एका सकाळी त्याच खड्याशेजारी निश्चल पडलेला दिसला.

चारूने त्याला वाडग्यात घेतले आणि ओंजळ धरावी तसे ते वाडगे धरून ती मावशीकडे आली.

"मावशी, गेला."

"हो गं," नलिनी म्हणाली. ती खाली बसली. यावेळी तिने बागेचे नाव काढले नाही.

"आपण सगळं बाबांसारखं केलं ना? मग का गेला?"

"केलं गं, बाळा. पण आधी आम्ही फार घाई केली होती. तू सांगत होतीस, ते मी ऐकलं नाही."

चारू वाडग्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "आईला फार दुखलं असेल का?"

कितीतरी दिवस नलिनी याच प्रश्नापासून पळत होती. तो पुढ्यात आल्यावर तिला कळले की तो तिचाही होता. घाटातली ती दरड कोसळल्यापासून रोज, भाजी चिरताना, देवापुढे बसताना, नव्या शाळेच्या गणवेशाला बटण लावताना, तिने तो स्वतःला विचारला होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मीही रोज हाच विचार करते. मला तुझ्या आईची फार आठवण येते, चारू."

एवढे म्हणाली आणि तिचा बांध फुटला. इतक्या दिवसांचे परतवलेले पाणी एकदम आले. तिने पदराने तोंड झाकले नाही, की मान वळवली नाही. चारू क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग वाडगे जमिनीवर ठेवून ती मावशीच्या मांडीत शिरली आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने रडली. "आई," म्हणून रडली. आतल्या खोलीतून स्वयंपाकीणबाई धावत आल्या. शेठजींनी त्यांना दारातच हाताने थांबवले आणि तेही तिथेच, उंबऱ्यावर, डोळे पुसत बसून राहिले.

मासा परसातल्या पारिजातकाखाली पुरला.

नलिनी गुरुजींकडे गेली. तिचे डोळे सुजले होते. "गुरुजी, मासा वाचला नाही," ती म्हणाली. "तुम्ही दिवसभर बसलात, आम्ही एवढं केलं, तरी नाही वाचला."

"पळीने पाणी घालणे ही काळजी आहे, बाळ. ते वचन नव्हे," गुरुजी म्हणाले. "काही इजा आपल्या आधीच होऊन गेलेली असते. तुझी बहीण परत येणार नाही, आणि त्या मुलीच्या मनातली ती जागा तू कितीही प्रेम ओतलेस तरी भरणार नाही. ती भरायची नसतेच. तिच्याशेजारी बसायचे असते." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "मुलगी रडली?"

"हो."

"आणि तू?"

नलिनीने मान हलवली. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. नदीवरून वारा येत होता.

मूल असो, सून असो, गाव सोडून आलेले म्हातारे माणूस असो. आपल्या दारात कुणी आले की आपण त्याला आपल्याकडचे सारे देऊ पाहतो, त्याच्याकडचे काही घ्यावे हे आपल्याला सुचत नाही.

त्या संध्याकाळी शेठजींच्या घरी तिघे जेवायला बसली. भिंतीशी हौद होता, पाणी होते, त्यात कुणी नव्हते. चारूने आमटीचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आवडली नाही का गं?" नलिनीने विचारले.

चारू जरा घुटमळली. "आई आमटीत कोकम घालायची," ती म्हणाली. "ही गोड लागते."

वाढणाऱ्या बाईंचा हात थांबला. नलिनीनेही घास तसाच ठेवला. शेठजींनी मात्र पत्नीकडे पाहिले नाही; ते सरळ मुलीकडे वळले. हळदीच्या पेठेत साऱ्या मसाल्यांचे भाव तोंडपाठ असलेला तो माणूस, अजाण विद्यार्थ्याने विचारावे तसे विचारू लागला,

"उद्या मागवू आपण कोकम. पण आमच्या घरात कुणाला येत नाही ते. किती घालायचं असतं?"

चारूने विचार केला.

"आधी थोडं," ती म्हणाली. "मग चव बघायची."